आजोबांचं पित्त आणि पुस्तकातलं ‘ह्यूमरल’

डॉक्टरताई,
मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपासून माझ्या अंगावर अधूनमधून गांधी उठतात, खाजतात आणि काही तासांत विरून जातात. आजोबा म्हणाले, ‘पित्त उठलंय.’ त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा प्रतिकारशक्तीचा खेळ आहे, हिस्टामिन वगैरे, आणि रोज एक गोळी लिहून दिली. घरी येऊन मी चारचौघांत आजोबांना म्हटलं, ‘पित्त यकृतात तयार होतं, ते अंगावर कसं उठेल?’ आणि हसले. सगळेच हसले. तेव्हापासून आठ दिवस आजोबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. वर त्यांनी ‘रक्त शुद्ध करणारी, इम्युनिटी वाढवणारी’ एक बाटली मागवली आहे. एक चमचा मला आणि एक त्यांना, असा बेत आहे. ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सांधेदुखीसाठी ईएसआर ही रक्ततपासणी करायची आहे, ती मी शिकते त्याच लॅबमध्ये. त्यात परीक्षेच्या पुस्तकात मला ‘ह्यूमरल इम्युनिटी’ हा शब्द भेटला. सर म्हणाले, ह्यूमर म्हणजे जुन्या वैद्यकातले शरीरातले द्रव. म्हणजे आजोबा बरोबर होते की काय? माफी मागावी तर बाटलीही प्यावी लागेल. काय करू?
— हसून फसलेली नात

प्रिय नात,

बाटलीचं आधी बोलू, बाकीचं थांबू शकतं. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्या माणसानं घटक न तपासता कुठलाही अर्क किंवा सिरप घेऊ नये. अशा काही गोळ्यांचा असर वनस्पतींच्या अर्कांमुळे कमीजास्त होतो. जास्त झाला तर रक्तस्राव, कमी झाला तर गुठळी. तेव्हा बाटलीचं बूच न काढता ती आजोबांच्या डॉक्टरांना दाखवायची, आणि दाखवायला आजोबांना सोबत न्यायचं. तू एकटी जाऊन ‘डॉक्टर नको म्हणाले’ असा निरोप आणलास, तर अबोला आठचा अठरा दिवस होईल.

तुझ्या गांधींचं सांगते. सहा आठवड्यांच्या पुढे त्या येत-जात राहिल्या की त्यांना दीर्घकालीन म्हणतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचं एक ठळक कारण सापडत नाही. म्हणून कशामुळे झालं, कशामुळे झालं, याच्या फार मागे लागू नकोस. गोळी दिली आहे तशी रोज घे. दोन दिवस अंग कोरं दिसलं म्हणून मधेच सोडू नकोस. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकला, भोवळ आली, तर मात्र कुणाला न विचारता तडक दवाखाना गाठायचा.

आता हसण्याचं. तू जे म्हणालीस त्याला शरीरशास्त्राच्या पेपरात पूर्ण गुण मिळाले असते. पण आजोबा पेपर देत नव्हते, ते मराठी बोलत होते. आपल्या भाषेत ‘पित्त’ हा एक शब्द निदान चार जागी कामाला जातो. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, हे एक. छातीत जळजळतं तेव्हा ‘पित्त झालंय’ म्हणतो ते दुसरं, पण ते असतं जठरातलं आम्ल. अंगावर उठतं ते तिसरं. आणि खवळतं ते चौथं, जे आठ दिवस तू बघते आहेस. यातलं फक्त पहिलं यकृताचं.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याची एक गंमत आहे. तुझ्या त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि कातडी टरारून वर येते. तीच गांध. जठरात हेच हिस्टामिन आम्ल तयार करणाऱ्या पेशींना ‘आम्ल सोडा’ म्हणून इशारा देतं. कुलपं वेगळी, म्हणून गोळ्याही वेगळ्या. तू घेतेस ती त्वचेकडचं कुलूप अडवते. जठराकडचं अडवणारं सिमेटिडिन हे औषध जेम्स ब्लॅक यांनी घडवलं, आणि अशा कामासाठी त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. छातीतली जळजळ आणि अंगावरच्या गांधी यांना एकच नाव देणाऱ्यांना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. निव्वळ योगायोग. पण फार देखणा योगायोग आहे, आणि माफी मागायला जाशील तेव्हा हातात काहीतरी असावं म्हणून तो तुला देते आहे.

आजोबांना थोडं डिवचायचंच असेल, तर त्यांच्याच अंगणात जाऊन डिवच. आयुर्वेदात या दुखण्याचं नाव ‘शीतपित्त’. माधवनिदान हा रोगनिदानाचा जुना ग्रंथ, बारा-तेराशे वर्षांपूर्वीचा. त्यात म्हटलं आहे की थंड वाऱ्याच्या स्पर्शानं कफ आणि वात बिघडतात आणि पित्ताशी मिळून आत-बाहेर पसरतात. म्हणजे एकट्या पित्ताला दोष त्या ग्रंथानंही दिलेला नाही. आणि थंडीनं गांधी उठणारे रुग्ण खरोखर असतात. बर्फाचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही मिनिटं हातावर ठेवायचा आणि काढल्यावर तिथे गांध उठते का ते बघायचं, ही त्वचेच्या डॉक्टरांची आजही रीतसर चाचणी आहे. बघणारे डोळे तेव्हाही चांगले होते.

तुझ्या ‘ह्यूमरल’कडे येते. ह्यूमर म्हणजे लॅटिनमध्ये ओलावा, द्रव. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत माणसाच्या प्रकृतीवर एक निबंध लिहिला गेला, तो त्याचा जावई पॉलिबस याच्या नावावर सांगतात. त्यात शरीराचे चार द्रव मांडले आहेत : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. चौघांचं प्रमाण जुळलं की आरोग्य, एखादा वाढला किंवा वेगळा पडला की रोग. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्यानं, ज्यानं उमेदवारीच्या काळात ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवल्या होत्या, हा विचार इतका पक्का बांधला की पुढची दीड हजार वर्षं तो हलला नाही. मध्ययुगीन वैद्य इब्न सीनाच्या ग्रंथातून तो अरबी वैद्यकात नांदला. युनानी हकीम खून, बलगम, सफरा, सौदा म्हणतात ते हेच चौघं. आपले त्रिदोष यात मिसळू नकोस. वात हा द्रव नाहीच, आणि मांडणीही वेगळी आहे. सुश्रुतानं मात्र तीन दोषांच्या शेजारी रक्ताला जवळजवळ चौथ्याची खुर्ची दिली आहे. जळवा लावण्यावर त्यानं स्वतंत्र अध्याय लिहिला, त्याचा हा परिणाम की कारण, यावर वैद्यांना भांडू दे.

त्या चौघांतलं काळं पित्त शरीरात नाही. शवविच्छेदनात ते कुणाच्या हाताला लागलं नाही. तरी खिन्न माणसाला इंग्रजीत ‘मेलंकली’ म्हणतात, म्हणजे शब्दशः काळ्या पित्ताचा. मग त्या लोकांना दिसलं तरी काय असेल?

याचं मला आवडणारं उत्तर तुझ्याच टेबलावर आहे. स्वीडनच्या रॉबिन फोरेयस यांनी १९२१ च्या सुमारास ईएसआरवर, म्हणजे लाल पेशी किती वेगानं तळाला बसतात यावर मोठं काम केलं. त्यांनी सुचवलं की हे चौघंच्या चौघं काचेच्या भांड्यात दिसतात. ताजं रक्त काहीही न घालता उंच काचपात्रात तासभर स्थिर ठेव. तळाशी काळपट गुठळी जमते. तिच्यावर लाल थर. त्यावर फिकट पांढरट साय, ज्याला आपण बफी कोट म्हणतो. आणि सगळ्यात वर पिवळसर, नितळ पाणी. काळं, लाल, पांढरं, पिवळं. ग्रीकांनी हेच पाहून सिद्धांत बांधला याचा लेखी पुरावा नाही, हे तर्कच आहे. पण इतकी वर्षं नळ्या बघून माझा तरी त्यावर जीव जडला आहे.

आजारी माणसाच्या रक्तात ती साय जास्त जाड दिसते, कारण दाह असला की फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन वाढतं, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि पटकन खाली बसतात, तर वरचा फिकट भाग मोठा होतो. रक्त काढणारे वैद्य ही साय बघत आणि म्हणत, ‘बघा, केवढा दोष साचलाय, अजून काढायला हवं.’ जे दिसलं ते खरं होतं, आणि त्यातून काढलेला अर्थ रुग्णाच्या जिवावर उठत होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घशाच्या आजारानं अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दिवसाच्या आत त्यांचं सुमारे अडीच लिटर रक्त काढलं गेलं. शरीरात असतं साधारण पाच लिटर. रात्री ते गेले. १८३३ साली एकट्या फ्रान्सनं चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या होत्या.

याला खीळ बसायला सुरुवात झाली ती एका मोजणाऱ्या माणसामुळे. पॅरिसचे पियेर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांच्या नोंदी मांडल्या आणि त्या पुढे १८३५ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. रक्त सगळ्यांचंच काढलं होतं, फरक दिवसाचा होता. पहिल्या चार दिवसांत काढलेल्या ४१ पैकी १८ दगावले, नंतर काढलेल्या ३६ पैकी ९. लुईंनी ‘रक्त काढणं बंद’ अशी घोषणा केली नाही, ते तेवढे धाडसीही नव्हते. पण ‘गॅलेन म्हणतो’ याच्यासमोर ‘१८ मेले’ हे वाक्य उभं राहिलं, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतला वळणाचा क्षण हाच. आजोबांशी वाद घालताना सिद्धांताला हात घालू नकोस. आकडा विचार. ‘ही बाटली किती जणांना दिली, त्यातल्या किती जणांच्या गांधी थांबल्या, न देता किती जणांच्या थांबल्या?’ एवढंच.

१८५८ मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोव्ह यांनी रोग पेशींमध्ये असतो असं मांडलं आणि द्रवांचं राज्य संपल्यासारखं झालं. आता गोष्ट उलटी फिरते. १८९० मध्ये बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत एमिल बेरिंग आणि जपानचे किताझातो शिबासाबुरो यांना दिसलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातलं वरचं पाणी, पेशी नसलेलं, नुसतं रक्तजल, दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर तोही वाचतो. घटसर्पावरही हीच युक्ती चालली. मग घोड्यांना थोडं थोडं विष देऊन त्यांचं रक्तजल काढू लागले. साप चावल्यावर आजही जे औषध देतात, ते बहुतेक असंच घोड्याकडून येतं. वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ मध्ये बेरिंग यांना मिळालं, ते याच पिवळ्या पाण्यासाठी. ज्याला जुन्या वैद्यांनी कदाचित पिवळं पित्त म्हणून दोषी धरलं, तेच वाचवणारं निघालं.

पलीकडे रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह होते. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत बारीक काटे टोचून ठेवले आणि सकाळी पाहिलं, तर हलत्या पेशींनी काट्यांना गराडा घातला होता. त्यांचं म्हणणं, लढतात त्या पेशी. जर्मन गटाचं म्हणणं, लढतं ते रक्तजल. पंचवीसेक वर्षं हे दोन तट होते, ‘सेल्युलर’ आणि ‘ह्यूमरल’. तुझ्या पुस्तकातल्या धड्यांची नावं त्या भांडणातून आली आहेत. १९०८ चं नोबेल मेचनिकोव्ह आणि द्रवपक्षाचे पॉल एर्लिक यांना वाटून देण्यात आलं. खरा निकाल बराच उशिरा लागला. १९४८ मध्ये स्वीडनच्या आस्ट्रिड फाग्रेयस यांनी दाखवलं की रक्तजलातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, प्लाझ्मा पेशी बनवतात. म्हणजे शस्त्र द्रवात, कारखाना पेशीत. तुझा परीक्षेतला प्रश्न इथे सुटला. उत्तरपत्रिकेत मेचनिकोव्हच्या काट्यांचं लिहू नकोस, वेळ जातो.

बाकीच्या द्रवांचीही पुढे अशीच इज्जत वाढली. १९२१ च्या अखेरीस पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंग यांनी स्वतःला सर्दी झालेली असताना नाकातला शेंबूड जंतूंच्या ताटलीवर टाकला आणि आजूबाजूचे जंतू विरघळलेले पाहिले. ते लायसोझाइम. अश्रूंत, लाळेत, दुधातही असतं. हिरवा शेंबूड म्हणजे ‘घाण’ असं आपण म्हणतो, पण तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, आणि त्या रंगावरून अँटिबायोटिक मागायचं कारण नाही.

मग आजोबा बरोबर का? पित्तानं गांधी उठत नाहीत, हे तुझंच बरोबर. पण शरीरात काहीतरी ‘वाढलंय’, प्रमाण बिघडलंय, ही त्यांची भावना त्यांच्या बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा खऱ्याच्या पुष्कळ जवळ आहे. दीर्घकालीन गांधींच्या बऱ्याच रुग्णांत स्वतःचीच प्रतिपिंडं मास्ट पेशींना उगाच डिवचत असतात. तुझी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथे हात उगारते आहे. तिला आणखी ‘बूस्ट’ करून तू काय मिळवणार? गॅलेनला कुणी ‘द्रव वाढवणारी’ बाटली विकायला गेला असता, तर त्यानं आधी विचारलं असतं, कुठला, आणि कुणाला? हा प्रश्न विचारायचं आपण सोडलं, आणि या एका बाबतीत आपण मागे गेलो आहोत असं मला मनापासून वाटतं. आणि रक्तशुद्धी म्हणशील, तर मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळपास सगळा परत घेतात. तिथे एक चमचा कोण पुसतं?

प्रतिकारशक्तीला नेमकं काही शिकवता येतं ते लशीनं. आणि हा शब्द तर आजोबांच्या बाजूचा आहे. जखमेतून पाझरतं तिलाही आपण लस म्हणतो आणि टोचून घेतो तिलाही लस. १७९६ मध्ये जेन्नर यांनी गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या, फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातली होती, अगदी शब्दशः.

माफी माग, पण हसण्याची. पित्ताची मागू नकोस, नाहीतर चमचा आलाच. ‘आजोबा, मी सगळ्यांसमोर हसले, ते चुकलं’ एवढं म्हणून थांब. पुढे ‘पण’ लावायचा नाही. हिस्टामिनची गोष्ट दुसऱ्या दिवशी.

आणि ईएसआरच्या दिवशी त्यांना लॅबमध्ये नमुना देऊन घरी पाठवू नकोस. तुझ्या सरांची परवानगी काढ आणि नळीसमोर त्यांना खुर्ची दे. त्यांच्या सांध्यांना ते वात म्हणतात ना? इंग्रजीतलं ‘र्‍हुमॅटिझम’ही ग्रीक भाषेतल्या ‘वाहणं’ या शब्दावरून आलं आहे, डोक्यातून दोष ठिबकत सांध्यांत उतरतो अशा समजुतीतून. दोघांचं ऐकून झालं की नळी काय म्हणते ते बघा. तासभर त्यांना लाल रंग खाली सरकताना आणि वर पिवळं पाणी उरताना बघू दे. तू मधे बोलू नकोस. ते विचारतील तेवढंच सांग. एवढं मात्र सांभाळ, नळी अगदी उभी हवी. बोलता बोलता धक्का लागून जरा तिरकी झाली तर पेशी भराभर उतरतात, आकडा उगाच वाढतो, आणि मग आजोबांच्या वातावर खोटा शिक्का बसेल तो तुझ्या हातून.